पेशीतली मोडतोड आणि अव्राम हर्श्को

प्रौढ माणसाच्या शरीरात रोज अडीचशे ते तीनशे ग्रॅम प्रथिने मोडली जातात आणि जवळपास तेवढीच नव्याने बांधली जातात. आहारातून येणारी प्रथिने याच्या पाव हिश्शाइतकीच असतात. बाकीचा सगळा माल जुन्या प्रथिनांच्या मोडतोडीतून सुटलेल्या अमिनो आम्लांचाच असतो. ही मोडतोड सरसकट चालत नाही. डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातली क्रिस्टॅलिन प्रथिने जन्मभर तीच राहतात. तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन सुमारे १२० दिवस टिकते. पी-५३ हे प्रथिन मात्र निरोगी पेशीत वीसेक मिनिटांत निम्मे नाहीसे झालेले असते. एकाच पेशीद्रवात शेजारी शेजारी असलेल्या दोन प्रथिनांपैकी एक आठवडाभर टिकते आणि दुसरे तासाभरात जाते. कोणाला मोडायचे आणि कधी, हे पेशी ठरवते तरी कशी? इस्रायली जीवरसायनशास्त्रज्ञ अव्राम हर्श्को यांनी १९६९ साली हा प्रश्न हाती घेतला आणि पुढे तो सोडला नाही. २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना, त्यांचे विद्यार्थी आरॉन चिहानोव्हर यांना आणि अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ अर्विन रोझ यांना मिळून मिळाले, ते याच कामासाठी. विज्ञानातले नोबेल इस्रायलकडे प्रथमच आले होते.

शरीरातली प्रथिने सतत बदलत असतात, हेच मुळी १९३० च्या दशकापर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. एकदा बांधलेली प्रथिने स्थिर राहतात, थोडीफार झीज होते तेवढी भरून निघते आणि खाल्लेले अन्न इंधन म्हणून जळून जाते, अशी समजूत होती. ती रुडॉल्फ शोनहायमर यांनी मोडली. नाझी राजवट आल्यावर जर्मनी सोडून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले होते आणि तिथे जड नायट्रोजनचे समस्थानिक हाताशी मिळत होते. जड नायट्रोजनची खूण असलेले अमिनो आम्ल त्यांनी उंदरांना खाऊ घातले. वजन न वाढलेल्या, पूर्ण वाढ झालेल्या उंदरांच्या मूत्रातून हा नायट्रोजन जवळजवळ सगळाच बाहेर पडायला हवा होता. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा ऊतींमधल्या प्रथिनांत जाऊन बसलेला आढळला. वजन तेच, पण आतला माल बदललेला. शोनहायमर यांचा १९४१ मध्ये अकाली मृत्यू झाला आणि त्यांच्या व्याख्यानांचे पुस्तक पुढल्या वर्षी निघाले.

या शोधाचा पाठपुरावा मात्र अर्धाच झाला. प्रथिने बनतात कशी, या बाजूला सगळी हुशार मंडळी धावली. १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली, साठच्या दशकात जनुकीय संकेत वाचला गेला आणि पारितोषिकांची रांग लागली. मोडण्याची बाजू कचरा उचलण्याच्या कामासारखी कोपऱ्यात पडून राहिली. १९५५ च्या सुमारास बेल्जियममध्ये क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांनी लायसोसोम शोधले. पेशीतल्या या पिशवीत आम्लता असते आणि प्रथिने चिरणारी एन्झाइमे भरलेली असतात. मोडतोडीची जागा सापडली, असे मानून बहुतेकांनी विषय मिटवला.

दोन गोष्टी मात्र या उत्तरात बसत नव्हत्या. पहिली आयुष्याच्या फरकाची. पिशवीत जे पडेल ते तिथली एन्झाइमे सारख्याच तडाख्याने फोडणार, मग एकाचे आयुष्य मिनिटांचे आणि दुसऱ्याचे दिवसांचे कसे? दुसरी अडचण जास्त अवघड होती. १९५३ मध्ये मेल्व्हिन सिम्पसन यांनी यकृताच्या कापांवर प्रयोग केले, तेव्हा पेशीची ऊर्जानिर्मिती बंद पाडली की प्रथिनांचे तुटणेही मंदावते, असे त्यांना दिसले. हे रसायनशास्त्राला धरून नव्हते. अमिनो आम्लांमधला बंध पाण्याच्या साहाय्याने तुटतो तेव्हा ऊर्जा खर्च होत नाही, उलट सुटते. जठरात आणि आतड्यात अन्नातली प्रथिने पेशीची ऊर्जा न वापरताच फुटतात. मग पेशीच्या आत त्याच कामासाठी एटीपी हे पेशीचे ऊर्जाचलन का खर्ची पडावे? या प्रश्नाकडे पंधरा-सोळा वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

अव्राम हर्श्को यांचा जन्म ३१ डिसेंबर १९३७ रोजी हंगेरीतल्या कार्त्साग या गावी झाला. वडील शाळेत शिक्षक, आई पियानो शिकवणारी. युद्धात वडिलांना सक्तीच्या मजुरीसाठी नेले आणि पुढे ते सोव्हिएत सैन्याच्या कैदेत सापडले. कुटुंबाला त्यांचा काहीच ठावठिकाणा नव्हता. १९४४ च्या उन्हाळ्यात गावातल्या ज्यूंना घेट्टोत कोंडले गेले आणि तिथून सोल्नोक शहरात हलवले गेले. तिथून निघणाऱ्या बहुतेक गाड्या ऑश्विट्झकडे जात होत्या. काही थोड्या ऑस्ट्रियाकडे वळवल्या गेल्या आणि आई व दोन मुलगे त्यांपैकी एका गाडीत होते. व्हिएन्नाजवळच्या एका खेड्यात मजुरी करत त्यांनी युद्धाचा शेवट गाठला. वडील १९४६ मध्ये परतले. १९५० मध्ये कुटुंब इस्रायलला जाऊन जेरुसलेमला स्थायिक झाले. अव्राम तेव्हा बारा वर्षांचे होते.

१९५६ मध्ये त्यांनी हिब्रू विद्यापीठाच्या हदासा वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला, तो डॉक्टर होण्यासाठी. जीवरसायनशास्त्राची गोडी तिथेच लागली. गुरू मिळाले ते जेकब मेगर. एकाच वेळी चार-पाच वेगवेगळ्या विषयांवर काम करणारा, अफाट वाचन असलेला हा प्राध्यापक होता आणि त्यांच्या हाताखाली विद्यार्थ्याला नेटका, काटेकोर प्रयोग करण्याची सवय लागायची. वैद्यकीय पदवी १९६५ मध्ये मिळाली, मग दोन वर्षे सैन्यात डॉक्टर म्हणून सेवा झाली आणि १९६९ मध्ये पीएच.डी. पूर्ण झाली.

त्याच वर्षी हर्श्को गॉर्डन टॉम्किन्स यांच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले. टॉम्किन्स यांची प्रयोगशाळा गजबजलेली होती. यकृताच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये टायरोसिन अमिनोट्रान्स्फरेज या एन्झाइमचे प्रमाण संप्रेरकामुळे वाढते, ते कसे, यावर जवळजवळ सगळी मंडळी काम करत होती. जिथे आधीच गर्दी आहे तिथे हर्श्को यांना शिरायचे नव्हते. त्यांनी वेगळा विषय मागितला आणि टॉम्किन्स यांनी त्याच एन्झाइमचे मोडणे त्यांच्या हाती दिले. म्हणजे सगळे जे बांधणे पाहत होते, त्याची उलटी बाजू. एका चांगल्या वैज्ञानिकाच्या आयुष्याला वळण मिळण्याचे कारण इतके साधे असू शकते.

थोड्याच दिवसांत त्यांना दिसले की पोटॅशियम फ्लुओराइड घातले की या एन्झाइमचे मोडणे थांबते. फ्लुओराइडमुळे पेशीची ऊर्जानिर्मिती कोलमडते. ऊर्जा बंद पाडणारी इतर द्रव्ये वापरूनही तेच झाले. सिम्पसन यांचे जुने कोडे पुन्हा समोर उभे राहिले आणि या वेळी ते एका ठराविक, मोजता येणाऱ्या प्रथिनाच्या बाबतीत होते. १९७१ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. तरी लायसोसोमवाल्यांकडे उत्तर तयार होते. पिशवीत आम्लता राखायला ऊर्जा लागते, तीच खर्च होत असेल. हे उत्तर चूक ठरवायचे तर पेशी फोडून, यंत्रणा सुटी करून, परीक्षानळीत चालवून दाखवणे भाग होते.

१९७२ मध्ये हर्श्को इस्रायलला परतले ते हैफाच्या टेक्निऑन संस्थेत. तिथले वैद्यकीय महाविद्यालय नवे होते आणि साधने बेताची होती. जागतिक विज्ञानाच्या नकाशावर हैफाचे नाव तेव्हा कोणी घेत नसे. एका अर्थी ते त्यांच्या पथ्यावरच पडले, कारण अडगळीतल्या विषयावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्याला तिथे कोणी घाई केली नाही. १९७६ च्या सुमारास आरॉन चिहानोव्हर हा हैफातच जन्मलेला तरुण डॉक्टर त्यांच्याकडे संशोधक विद्यार्थी म्हणून आला.

हवी ती परीक्षानळी १९७७ मध्ये हार्वर्डमधून आली. आल्फ्रेड गोल्डबर्ग आणि जोसेफ एट्लिंगर यांनी सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, फोडून त्यांचा द्रव काढला. या पेशी पक्व होताना आपले केंद्रक आणि इतर अवयव टाकून देतात, त्यांच्यात लायसोसोम उरत नाहीत. तरी त्या द्रवात सदोष प्रथिने भराभर मोडत होती आणि त्यासाठी एटीपी लागतच होते. पिशवीशिवायची दुसरी यंत्रणा पेशीत आहे, हे यावरून उघड झाले. त्याच सुमारास क्लोरोक्विनसारखी लायसोसोम बंद पाडणारी द्रव्ये पेशीच्या स्वतःच्या अल्पायुषी प्रथिनांचे मोडणे थांबवत नाहीत, हेही दुसऱ्या गटाने दाखवले होते. क्लोरोक्विन म्हणजे हिवतापाचे ओळखीचे औषध.

हर्श्को आणि चिहानोव्हर यांनी हाच द्रव घेतला आणि जुन्या पद्धतीने त्याचे भाग पाडायला सुरुवात केली. सशाला औषध देऊन रक्तक्षय घडवायचा, म्हणजे शरीर घाईने कोवळ्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. त्या गोळा करून फोडायच्या. निघालेला गडद लाल द्रव डीईएई-सेल्युलोज भरलेल्या काचेच्या नळीतून सोडायचा. काही प्रथिने या भरणाला चिकटतात, बाकीची सरळ खाली उतरतात. चिकटलेली नंतर मिठाच्या तीव्र द्रावणाने धुऊन काढतात. न चिकटता उतरलेला पहिला भाग लालभडक असतो, कारण त्यात सगळे हिमोग्लोबिन असते. दुसऱ्या भागात बहुतेक एन्झाइमे येतात. सर्वसाधारण जीवरसायनशास्त्रज्ञ पहिला भाग मोरीत ओततो, कारण त्याला हवी ती क्रिया दुसऱ्या भागात असते.

इथे मात्र दुसऱ्या भागात क्रियाच नव्हती. पहिल्यातही नव्हती. दोन्ही भाग एकत्र केले आणि एटीपी घातले की मोडतोड पुन्हा सुरू झाली. याचा अर्थ स्पष्ट होता. प्रथिने फोडणारे हे एकच एन्झाइम नाही. निदान दोन घटक लागतात आणि त्यांपैकी एक त्या टाकाऊ लाल द्रवात आहे. आता तो घटक हिमोग्लोबिनच्या ढिगातून वेगळा काढायचा होता. चिहानोव्हर यांनी लाल भाग सरळ ९० अंशांच्या आसपास तापवला. हिमोग्लोबिन शिजून त्याचा गाळ खाली बसला आणि वर राहिलेल्या निवळ द्रवात क्रिया शाबूत होती. प्रथिने उष्णतेने बिघडतात, म्हणून हा घटक प्रथिन नसावा असाही संशय आला. तपासल्यावर तो लहानसे पण कमालीचे चिवट प्रथिनच निघाला. त्याला एपीएफ-१ असे कामचलाऊ नाव पडले, म्हणजे एटीपीवर चालणाऱ्या विघटनाचा पहिला घटक. १९७८ मध्ये जलद प्रसिद्धी देणाऱ्या एका नियतकालिकात हा निबंध आला. फारसा गाजावाजा झाला नाही.

अर्विन रोझ यांची गाठ याच काळात पडली. फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस कर्करोग केंद्रात ते एन्झाइमे कशी काम करतात याचा अभ्यास करत आणि त्यांचे नाव मोठे होते. सिम्पसन यांच्या प्रयोगापासून त्यांनाही एटीपीचे हे कोडे छळत होते, पण त्यावर त्यांनी काही प्रसिद्ध केलेले नव्हते. हर्श्को १९७७-७८ मध्ये रजा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि त्यानंतर अनेक उन्हाळे त्यांनी तिथेच काढले. चिहानोव्हरही सोबत जात. रोझ हे कल्पना उधळणारे आणि श्रेयाची फिकीर न करणारे गृहस्थ होते, असे त्यांच्यासोबत काम केलेले अनेक जण सांगतात.

निर्णायक प्रयोग १९७९ च्या सुमारास झाले. एपीएफ-१ ला किरणोत्सारी आयोडीन जोडून ते दुसऱ्या भागात मिसळले. एपीएफ-१ लहान असल्याने ते लहान रेणूंसोबत दिसायला हवे होते. एटीपी घातल्याबरोबर किरणोत्सार मोठ्या रेणूंकडे सरकला. सुरुवातीची कल्पना अशी होती की हा घटक प्रथिने फोडणाऱ्या एन्झाइमला चिकटून त्याला चालू करत असावा. पण हे चिकटणे विलक्षण पक्के होते. अल्कलीने सुटेना, डिटर्जंटने सुटेना. साधा विळखा असता तर अशा उपायांनी केव्हाच सुटला असता, म्हणजे हा रासायनिक बंधच होता. मग जेलवर पट्टे पाहिले, तर एकाऐवजी अनेक. आणि लायसोझाइमसारखे मोडायचे प्रथिन मिसळल्यावर नवे पट्टे उमटले, त्यांत एपीएफ-१ आणि लायसोझाइम दोन्ही होते.

आधीची कल्पना उलटी फिरली. एपीएफ-१ फोडणाऱ्या एन्झाइमला जडत नव्हते. ज्याला फोडायचे त्या प्रथिनाला जडत होते, आणि एकाच प्रथिनाला अनेक एपीएफ-१ जडत होते. रस्ता रुंद करताना तोडायच्या झाडांवर आधी रंगाने आकडे टाकतात आणि तोडणारे नंतर येतात, तसाच हा प्रकार. एटीपी लागते ते खूण चढवायला. बंध तोडण्याचे काम वेगळे आहे आणि ते खूण पटल्यावरच सुरू होते. १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात लागोपाठ दोन निबंध प्रसिद्ध झाले आणि त्यांत ही सगळी मांडणी होती. हर्श्को यांच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ हाना हेलर यांचे नाव दोन्ही निबंधांवर आहे. या विषयातले हे दोन मूळ निबंध मानले जातात. त्यांतली मांडणी पुढे बदलावी लागली नाही, हे विशेष.

एपीएफ-१ म्हणजे नेमके कोण, याचा उलगडा त्याच वर्षी फॉक्स चेसमध्येच झाला. पेशीच्या केंद्रकात हिस्टोन या प्रथिनाला एक लहान प्रथिन जोडलेले असते, हे आधीच प्रसिद्ध झाले होते. दोन प्रथिने बाजूला फाटा फुटावा तशी जोडलेली असणे ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती, म्हणून कीथ विल्किन्सन, मायकेल अर्बन आणि आर्थर हास या तरुण संशोधकांना हे साम्य खटकले. त्यांनी दोन्ही प्रथिनांची अमिनो आम्ले ताडून पाहिली. ती एकच होती. हे प्रथिन १९७५ मध्येच गिडियन गोल्डस्टीन यांनी थायमस ग्रंथीतून वेगळे केले होते आणि ते जिथे तिथे सापडते म्हणून त्याला युबिक्विटिन हे नाव मिळाले होते. त्याचे काम कोणालाच माहीत नव्हते, ते आता कळले. युबिक्विटिन ७६ अमिनो आम्लांचे असते. यीस्टच्या आणि माणसाच्या युबिक्विटिनमध्ये फक्त तीन जागी फरक आहे. उत्क्रांतीच्या शंभर कोटी वर्षांत इतके कमी बदललेले प्रथिन शोधायला गेले तरी क्वचितच मिळते.

पुढली तीन वर्षे खूण चढवणाऱ्या यंत्रणेचे भाग सुटे करण्यात गेली. हर्श्को यांनी युबिक्विटिनच बारीक मण्यांवर पक्के बसवले आणि पेशीद्रवाचा दुसरा भाग एटीपीसह त्यावरून सोडला. युबिक्विटिनशी देवाणघेवाण असलेली एन्झाइमे मण्यांना अडकली. मग वेगवेगळ्या द्रावणांनी त्यांना एकेक करून सोडवले. तीन निघाली. त्यांना ई-१, ई-२ आणि ई-३ अशी नीरस नावे मिळाली आणि तीच आजही चालतात. ई-१ एटीपी खर्च करून युबिक्विटिनला उत्तेजित करते आणि आपल्या गंधकाच्या अणूवर घेते. तिथून ते ई-२ कडे जाते. ई-३ नेमके मोडायचे प्रथिन ओळखते आणि युबिक्विटिन त्याच्यावर चढवून देते. पहिल्यावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे अशी साखळी तयार होते. चार-पाच युबिक्विटिनची साखळी झाली की त्या प्रथिनाचा निकाल लागला.

निवड कुठे होते, ते या व्यवस्थेत दिसते. माणसात ई-१ प्रकारची एन्झाइमे दोनच आहेत, ई-२ चाळीसच्या आसपास, तर ई-३ सहाशेहून जास्त. प्रत्येक ई-३ ची ओळखायची प्रथिने वेगळी. ऊर्जेच्या कोड्याचे उत्तरही इथेच आहे. पेशी पैसे मोजते ते निवडीसाठी. फुकट चालणारी मोडतोड आंधळी असते आणि तशी एन्झाइमे पेशीद्रवात मोकाट सोडली तर ती पेशीलाच खाऊन टाकतील. अपवाद अर्थातच आहेत. ऑर्निथिन डिकार्बोक्झिलेज हे सस्तन प्राण्यांतल्या सगळ्यांत अल्पायुषी एन्झाइमांपैकी एक, आणि नेमके तेच युबिक्विटिनशिवाय मोडले जाते. नियम सांगणाऱ्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाला ही तळटीप द्यावी लागते.

खूण पटवून प्रत्यक्ष फोडणारे यंत्र हैफात सापडले नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या मार्टिन रेक्स्टायनर आणि गोल्डबर्ग यांच्या गटांनी ते वेगळे केले. १९८८ मध्ये त्याला प्रोटिआसोम हे नाव मिळाले. मधले नळकांडे २८ प्रथिनांचे, सातसातच्या चार कड्यांचे असते आणि कापणारी पाती त्याच्या आतल्या बाजूला असतात. दोन्ही टोकांना झाकणे असतात. ती युबिक्विटिनची साखळी ओळखतात, प्रथिनाची घडी उलगडून आत ढकलतात आणि युबिक्विटिन सोडवून पुन्हा वापरायला देतात. उलगडण्याच्या या कामालाही एटीपी लागते.

हे सगळे परीक्षानळीतले झाले. जिवंत पेशीत याचे महत्त्व किती, ते दाखवले मॉस्कोहून अमेरिकेत आलेल्या अलेक्झांडर वार्शाव्स्की यांनी. एमआयटीमध्ये त्यांच्याकडे उंदराच्या पेशींचा एक विशेष वाण होता. तापमान वाढवले की त्यातले ई-१ निकामी होई. १९८४ मध्ये वार्शाव्स्की, त्यांचे सहकारी डॅनियल फिन्ली आणि चिहानोव्हर यांनी दाखवले की अशा पेशींत अल्पायुषी प्रथिनांचे मोडणे जवळजवळ बंद पडते आणि पेशींचे विभाजनही थांबते. युबिक्विटिन ही कोवळ्या तांबड्या पेशींची खासियत नाही, सगळ्या पेशींचा कारभार त्यावर चालतो, हे यानंतर मान्य झाले. २००० सालच्या लास्कर पारितोषिकात हर्श्को आणि चिहानोव्हर यांच्यासोबत वार्शाव्स्की होते. चार वर्षांनी नोबेलमध्ये त्यांच्या जागी रोझ आले. एका पारितोषिकात तिघांहून जास्त नावे बसत नाहीत, हा नोबेलचा नियम. रोझ यांची निवड योग्यच होती, पण वार्शाव्स्की आणि गोल्डबर्ग यांचे राहून जाणे या क्षेत्रातल्या अनेकांना खटकले आणि ते खटकणे रास्त आहे.

हर्श्को यांचे स्वतःचे लक्ष नव्वदच्या दशकात पेशीविभाजनाकडे वळले. टिम हंट यांनी अमेरिकेच्या वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत समुद्रसाळूच्या अंड्यांमध्ये सायक्लिन हे प्रथिन शोधले होते. ते प्रत्येक विभाजनाआधी साठत जाते आणि विभाजन होताना एकदम नाहीसे होते. इतक्या अचूक वेळी ते जाते कुठे? हर्श्को उन्हाळ्यात वुड्स होलला जाऊ लागले आणि समुद्री शिंपल्यांच्या अंड्यांपासून द्रव काढून, हैफात वापरलेल्या त्याच पद्धतीने, भाग पाडू लागले. सायक्लिनवर युबिक्विटिन चढवणारे मोठे ई-३ संकुल त्यांच्या गटाने १९९५ मध्ये वेगळे केले आणि त्याला सायक्लोसोम म्हटले. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये मार्क किर्श्नर यांच्या गटाला बेडकाच्या अंड्यांतून तेच संकुल मिळाले आणि त्यांनी दुसरे नाव दिले. आज दोन्ही नावे जोडून लिहितात. हे संकुल एरवी बंद असते आणि गुणसूत्रे नीट मांडली गेल्याची खात्री झाल्यावरच चालू होते. खात्री होण्याआधीच ते चालू झाले, तर नव्या पेशींमध्ये गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि कर्करोगाच्या पेशींत असा गोंधळ नेहमी दिसतो. या ब्रेकची यंत्रणा उलगडण्याचे काम हर्श्को यांनी नोबेलनंतरही चालू ठेवले, आणि मोठ्या पदांवर गेलेले शास्त्रज्ञ सहसा करत नाहीत ते करत राहिले: प्रयोग स्वतःच्या हाताने.

यंत्रणा बिघडली की काय होते, याची उदाहरणे आता ढीगभर आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असलेला एचपीव्ही हा विषाणू पेशीच्याच एका ई-३ ला हाताशी धरतो आणि पी-५३ या रक्षक प्रथिनावर युबिक्विटिन चढवायला लावतो. पी-५३ नाहीसे झाले की बिघडलेल्या पेशींना आवर राहत नाही. सिस्टिक फायब्रोसिसच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात उलटी तऱ्हा असते. तिथले प्रथिन थोडेसे सदोष असते, पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचले असते तर बऱ्यापैकी कामी आले असते, पण तपासणी इतकी कडक की ते वाटेतच खूण चढवून मोडले जाते. अँजेलमन सिंड्रोम या बालपणीच्या मेंदूविकारात एका ई-३ चे जनुक निकामी असते, आणि कमी वयात होणाऱ्या पार्किन्सनच्या एका आनुवंशिक प्रकारात दुसऱ्या एकाचे.

औषधाच्या बाबतीत पहिले यश अनपेक्षित दिशेने आले. स्नायू झिजण्याच्या आजारात प्रथिने वाजवीपेक्षा जास्त मोडतात, म्हणून प्रोटिआसोम अडवणारी द्रव्ये तयार करण्यासाठी गोल्डबर्ग यांनी १९९३ मध्ये एक कंपनी काढली. त्यातून निघालेल्या बोर्टेझोमिबचा उपयोग झाला तो मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर. मायलोमाच्या पेशी प्रतिपिंडे बेसुमार बनवतात, त्यामुळे त्यांच्यात सदोष प्रथिनांचा निचराही सतत करावा लागतो. तो अडवला की त्याच आधी मरतात. मे २००३ मध्ये, हर्श्को यांच्या नोबेलच्या दीड वर्ष आधी, अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. भारतीय कंपन्यांनी बनवलेली त्याची जेनेरिक इंजेक्शने आज इथल्या कर्करोग रुग्णालयांत नेहमीची आहेत.

याच आजारावरचे दुसरे औषध थॅलिडोमाइड. पन्नासच्या दशकाच्या शेवटी गरोदर स्त्रियांना दिल्यामुळे हजारो मुले हातापायांच्या व्यंगासह जन्माला आली, तेच हे औषध. ते शरीरात नेमके काय करते, याचा पत्ता अर्ध्या शतकानंतर, २०१० मध्ये, जपानी संशोधकांना लागला. थॅलिडोमाइड सेरेब्लॉन या ई-३ घटकाला चिकटते आणि एरवी त्याच्या वाट्याला न येणारी प्रथिने मोडायला लावते. मायलोमात ते उपयोगी पडते ते याच कारणाने. आता एका टोकाने ई-३ ला आणि दुसऱ्या टोकाने रोग घडवणाऱ्या प्रथिनाला धरणारे रेणू मुद्दाम घडवले जातात, म्हणजे नको ते प्रथिन पेशीच्याच यंत्रणेकडून मोडून घ्यायचे. ही कल्पना २००१ मध्ये मांडली गेली आणि अशा रेणूंच्या रुग्णांवरील चाचण्या २०१९ पासून सुरू झाल्या आहेत.